चंदाबाईच्या माहेरचं संत्र

अमरावतीच्या पुंजाराम घोरमाड्यांनी नोकरीची सगळी वर्षं अळ्या मारायची औषधं विकली आणि घरी बसल्यावर अंगणात अळ्या पाळल्या. यात कुणाला काही उलटं वाटत असेल तर खुशाल वाटो, पुंजारामभाऊंना ते सरळच वाटायचं. जन्मभर ज्याच्या विरोधात काम केलं त्याची निवांतपणी जरा ओळख करून घ्यावी, असं त्यांचं म्हणणं.

राजापेठेतल्या एका कृषी केंद्रात ते काउंटरवर उभे असत. शेतकरी खिशातून कुरतडलेलं पान काढून समोर ठेवायचा, भाऊ ते उजेडात धरायचे आणि मागे न बघता हात वर करून फळीवरची नेमकी बाटली खाली घ्यायचे. जिवंत अळी मात्र त्यांनी फारशी बघितलीच नव्हती. बघितली ती छापील तक्त्यावर. पुढे मालकाच्या मुलाने दुकान हातात घेतलं, काचेची दारं बसवली आणि भाऊंना शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. भाऊंना राग आला नाही. पाय दुखत होते, आणि वलगाव रोडवरच्या लेआउटमध्ये घराभोवती बरीच मोकळी जागा पडून होती.

घरी बसलेला माणूस साधारणपणे गुलाब लावतो, कुंड्यांना गेरू फासतो, फारच उत्साह असला तर हिरवळ करतो. भाऊंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी अडुळसा लावला, निरगुडी लावली, कुंपणाच्या भिंतीला लागून बेल लावला, कडुनिंबावर गुळवेल सोडली. नळाजवळ ओवा आणि गवती चहा. बाकी जे आपण होऊन उगवलं ते त्यांनी राहू दिलं: तरोटा, आघाडा, केना, रुई. भिंतीपलीकडे राहणारे भगवंतराव हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या अंगणात फरशी होती, आणि फरशीवर एका रांगेत कुंड्या होत्या. ते भिंतीवरून बघून बघून थकले आणि एके दिवशी बोलले.

"हे काय लावून राहिले जी तुमी? रोडच्या बाजूनं हेच फुकट उगवते."

"म्हनून तं लावलं," भाऊ म्हणाले. "याची मर्जी सांभाळा लागत नाही."

आणि खरंच, सांभाळावं न लागता ते रान भरत गेलं. अडुळशाच्या दोन पानांना टाके घालून शिंपी पक्ष्याने त्यात घरटं केलं. रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या आल्या. सातभाई येऊन पाचोळा उपसायचे आणि आपसात इतकं भांडायचे की चंदाबाई स्वयंपाकघरातून त्यांना गप्प बसवायच्या. भाऊंनी मातीचं एक पसरट भांडं पाण्याने भरून ठेवलं होतं. त्यावर सकाळी बुलबुल, दुपारी सरडा आणि कधीमधी मुंगूस, असं ज्याचं त्याचं येणं ठरलेलं होतं.

भाऊंचं अळीवर प्रेम जडलं ते बेलापाशी. एका पानावर पक्ष्याची शीट पडली होती. भाऊ ती पुसायला गेले तर शीट पुढे सरकली. त्यांनी चष्मा लावला. ती एक बारकी अळी होती, काळपट, मधे पांढरा डाग, हुबेहूब शिटेसारखी. थोड्या दिवसांत तिने ते सोंग टाकलं आणि हिरवीगार झाली. भाऊंनी बोट लावलं तेव्हा तिने डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढून घाण वास सोडला. मग एके दिवशी ती काडीला चिकटून कोष झाली, आणि त्यातून काळं-पिवळं फुलपाखरू निघून भाऊंच्या बाहीवर पंख वाळवत बसलं. भाऊ जेवायला उठले नाहीत. ही तीच अळी होती, जिच्यासाठी त्यांनी वरूडकडच्या संत्रावाल्यांना बाटल्यांवर बाटल्या दिल्या होत्या.

"अवं, आयकलं का," त्यांनी आत हाक मारली. "इकडे ये, हे पाह्य."

चंदाबाई पदराला हात पुसत आल्या. "हे तं आमच्या वाडीत उडे," त्या म्हणाल्या. "बाबा याच्या मांगं चप्पल घेऊन पळे."

चंदाबाई शेंदूरजनाघाटच्या. त्यांचे वडील वामनराव संत्र्याच्या कलमांची वाडी चालवत. संत्र्याचं कलम म्हणजे दोन झाडांचा संसार असतो. आधी जंबेरीचं बी पेरायचं. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं, आंबटढोण लिंबू, पण मुळाचं दणकट. त्याचं रोप बोटाएवढं जाड झालं की खोडाला चीर देऊन त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. डोळा धरला की वर संत्र वाढतं आणि खाली जंबेरी राहते. त्या खालच्या भागाला खुंट म्हणतात. खुंटाने निमूटपणे मुळं धरायची, पाणी ओढायचं आणि स्वतःचं पान कधी काढायचं नाही, असा रिवाज. काढलंच तर माळी ते खुडून टाकतो.

वामनराव थकले, मुलांनी दुसरे धंदे धरले, वाडी मोडली. शेवटच्या वाफ्यातलं एक कलम त्यांनी लेकीसाठी बाजूला ठेवलं होतं. "हे तुहं," एवढंच म्हणाले. पुढच्या थंडीत ते गेले. चंदाबाईंनी ते कलम अंगणाच्या मध्यभागी, ऊन बघून लावलं. बाकीच्या रानात त्यांनी कधी लक्ष घातलं नाही. तरोट्याची कोवळी पानं भाजीपुरती खुडायची, अडुळसा खोकल्यापुरता, एवढाच त्यांचा संबंध. संत्र मात्र त्यांचं होतं. सकाळचा पहिला तांब्या त्याला. कुणी विचारलं तर सांगायच्या, "हे माहं माहेर हाये."

आणि बेलावर जन्मलेलं ते काळं-पिवळं फुलपाखरू अंडी घालायला नेमकं त्याच माहेरावर गेलं.

भाऊंनी फवारणी करायची नाही असं ठरवलं होतं, आणि चंदाबाईंनी त्यांचं ऐकलं. लहान कलम ते. अळ्यांनी पानं खाल्ली, नवी फुटली, तीही खाल्ली. त्यात उन्हाळ्यात अकोल्याला लेकीचं, माधवीचं, बाळंतपण निघालं. चंदाबाई तिकडे गेल्या, पाठोपाठ भाऊही नातीच्या बारशाला गेले आणि अकोल्याच्या उन्हात नातीचे लाड करत रमले. परत आले ते एकटेच, चंदाबाईंच्या आधी. फाटक उघडून बघतात तो संत्र्याची काडी झालेली. वरून खालपर्यंत वाळलेलं.

भाऊ तिथेच मातीत बसले. तिचं म्हणून हे एकच झाड होतं, आणि नेमकं तेच आपण अळ्यांना खाऊ घातलं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना अतिशय वाईट वाटलं. मग त्यांनी वाळलेलं खोड कात्रीने थोडं थोडं छाटत आणलं, कुठे ओल लागते का बघत, आणि अगदी खाली, जमिनीजवळ, त्यांना एक टपोरा हिरवा कोंब दिसला.

कोंब कलम बांधल्याच्या गाठीखाली होता, गाठीच्या वर सगळं मेलेलं. म्हणजे तो संत्र्याचा नव्हता. खुंट फुटला होता, जंबेरी. काउंटरवर उभं राहून भाऊंनी कितीएक शेतकऱ्यांना दम भरला होता, की खुंटाचा फुटवा दिसला की खुडा, दया दाखवू नका. आता त्यांचा अंगठा त्या कोंबावर होता. खुडला असता तर अंगणाच्या मधोमध नुसती माती उरली असती. त्यांनी अंगठा काढून घेतला, पाणी घातलं आणि कोंबाच्या बाजूला काडी रोवून दिली.

चंदाबाई आल्या, पिशव्या ओसरीवर टाकून थेट झाडाकडे गेल्या. वाकून बराच वेळ बघत राहिल्या. कोंबाला तोवर चांगली पानं आली होती. एक पान त्यांनी चुरगाळून नाकाशी धरलं. भाऊ मागे उभे राहून काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते.

"मरता मरता वाचलं वाटते," चंदाबाई म्हणाल्या. "पाहा ना, कसं फुटून राहिलं."

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की भाऊंची सगळी जुळवाजुळव विसकटली. "हो," ते म्हणाले, "वाचलं." आणि ते एवढंसं खोटं त्यांच्या घरात राहायला आलं.

भाऊंचा हिशेब असा, की झाड मोठं व्हायला वेळ आहे, मधे कधीतरी सांगू. तो कधीतरी काही येईना. झाड मात्र आलं, आणि काय आलं. जंबेरीचीच जात. दोन पावसाळ्यांत भाऊंच्या खांद्याला लागलं. काटे असे की धुतलेलं लुगडं वाऱ्याने त्यावर गेलं आणि फाटून आलं.

"काटे लय हायेत याले," चंदाबाई म्हणाल्या.

"नवा फुटवा हाये ना. नव्या फुटव्याले येतेच काटे," भाऊ म्हणाले. दुकानात त्यांना कधी इतकं बेमालूम बोलता आलं नव्हतं. चंदाबाई "हो का" म्हणाल्या आणि लुगडं शिवायला घेतलं.

अपराध पोटात असला की माणूस सेवेला लागतो. भाऊ रोज उजाडता उजाडता जुना रंगाचा ब्रश आणि दवाखान्यातून आलेली रिकामी डबी घेऊन बाहेर यायचे. झाडावरच्या अळ्या एकेक करून ब्रशने अलगद उचलायच्या, डबीत घ्यायच्या आणि बेलावर नेऊन सोडायच्या. मारायच्या नाहीत आणि खाऊही द्यायचं नाही, असा तो मधला मार्ग. चंदाबाई चहाचा कप घेऊन पायरीवर बसून हे बघत. कधी म्हणायच्या, "त्या वरच्या फांदीवर एक राहिली." तेवढा वेळ दोघं गप्पा मारत. खरं तर नोकरीच्या वर्षांत सकाळी इतकं बोलणं त्यांचं कधी झालंच नव्हतं.

या मधल्या मार्गाचा बोजवारा उडवला तो श्रावणी सोमवाराने. लेआउटमधल्या महादेवाला बेल जायचा तो भाऊंच्या अंगणातूनच. फरशीवाले भगवंतराव त्या दिवशी पहाटेच भिंतीला शिडी लावून चांगली भरगच्च पानं तोडून घेऊन गेले. भिंतीकडच्या फांद्या त्यांच्या हाताला येत, आणि भाऊही तिकडेच अळ्या सोडत. देवळात अभिषेक झाला, बेल वाहिला, आरतीला माणसं जमली. आणि पिंडीवरच्या बेलातून पक्ष्याच्या शिटा चालायला लागल्या.

एक नाही, चांगल्या मूठभर. आधी बायकांनी ठरवलं की कावळा गाभाऱ्यात शिरला. मग शिटांना पाय आहेत असं कुणाला तरी दिसलं. पुजाऱ्याने त्यातली एक मोठी, हिरवी, चिमटीत धरायला घेतली, तेव्हा तिने शिंगं काढून असा वास सोडला की आरती तिथेच थांबली. भगवंतराव सगळ्या अळ्या तबकात गोळा करून भाऊंच्या दारात आले.

"पुंजारामभाऊ, देवाले अळ्या वाहिल्या ना जी तुमी."

"वाहिल्या तुमी," भाऊ म्हणाले. "म्या फक्त पोसल्या." पण ते हसत होते आणि आधी तबक हातात घेऊन अळ्या मोजून घेत होते, हे भगवंतरावांना आवडलं नाही. बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं, की श्रावण संपेपर्यंत बेलावर एकही अळी सोडायची नाही.

"मंग ठेवू कोठी यायले?" भाऊंनी घरात येऊन विचारलं. डबी हातातच होती. गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, अळ्यांना चालला असता, पण तो चंदाबाईंना फोडणीला लागायचा. रुई या अळ्या खात नाहीत.

"ठेवा ना माह्याच झाडावर," चंदाबाई म्हणाल्या.

भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. "अवं, पानं खातील ते."

"खाऊ द्या. त्याले काई होत नाही."

ज्या झाडाच्या पानापानावर या बाईचा जीव, त्याबद्दल ती असं बोलते, याचं भाऊंना नवल वाटलं. तब्येत बिघडली की काय असंही वाटलं. पण अळ्या सोडल्या, आणि झाडाला खरंच काही झालं नाही. खाल्लं त्याच्या दुप्पट फुटलं.

थंडी सरताना झाडाला कळ्या आल्या. संत्र्याची कळी पांढरीशुभ्र असते. या कळ्यांवर जंबेरीची जांभळी झाक होती. भाऊंनी ती बघितली. आता लपवायचं ते फांदीवर येऊन बसलं होतं, आणि दिवाळीपर्यंत पिकून पिवळं होणार होतं. चंदाबाई फुलांखाली उभ्या राहून म्हणाल्या, "वास पाहा कसा सुटला. आमच्या वाडीतून जाताना असाच येत जाय." भाऊ म्हणाले, हो, छानच आहे. मधमाश्या इतक्या आल्या होत्या की झाड गुणगुणत होतं. एरवी भाऊ दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसले असते. त्या दिवशी ते काही कारण काढून बाजारात गेले.

उन्हाळा गेला, पाऊस आला, फळं धरली. सांगायचं असेल तर आत्ता सांगावं, असं ते रोज सकाळी ब्रश हातात घेताना ठरवायचे आणि चंदाबाई चहा घेऊन आल्या की विसरल्यासारखं करायचे. बाजारातून चांगली आंबिया बहाराची संत्री आणून फांद्यांना बांधावीत, इथपर्यंत त्यांच्या डोक्याने मजल मारली. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. फळं फुगत गेली तशी त्यांची साल सुरकुतली, उंचसखल झाली. लहान पोरानेही याला संत्र म्हटलं नसतं. चंदाबाई मात्र काही म्हणत नव्हत्या. त्यांनी एवढंच सांगितलं, की दिवाळीला माधवी आल्याशिवाय एकही तोडायचं नाही.

माधवी अकोल्याहून लेकीला घेऊन आली. नात आता चांगली पळती झाली होती. तिने आल्या आल्या शिंप्याचं जुनं घरटं बघितलं, मुंगूस दिसेपर्यंत जेवणार नाही असं जाहीर केलं. पाडव्याच्या सकाळी चंदाबाईंनी टोपली घेतली आणि सगळ्यात मोठं पिवळंजर्द फळ काट्यांतून हात घालून तोडलं. ओसरीवर पावशी, म्हणजे विळी, मांडून त्या समोर बसल्या. पात्यावर फळ टेकवलं, तेव्हा भाऊंनी त्यांचा हात धरला.

"थांब. कापू नको."

माधवी बघत राहिली. इतक्या वर्षांत वडिलांनी आईचा हात असा सगळ्यांसमोर धरलेला तिने बघितला नव्हता.

"हे संत्र नोहे," भाऊ म्हणाले. "तुह्या बाबाचं कलम माधवीच्या बाळंतपनाच्या उन्हाळ्यातच मेलं. माह्या अळ्यायनं खाल्लं. हे खालून फुटलं, खुंटाचं. जंबेरी हाये हे. मले पैल्या दिवसापासून मालूम होतं. तुही खुशी पाहून मी बोललो नाही."

चंदाबाईंनी हात सोडवून घेतला आणि फळ कापलं. आंबट, झणझणीत वास ओसरीभर पसरला. नातीने नाक मुरडलं.

"मले काय सांगता," चंदाबाई म्हणाल्या. "कलमाच्या वाडीत जलमली मी. पान चुरलं तवाच समजलं."

भाऊंनी विचारलं, "मंग काहून बोलली नाही?"

"तुमी काहून बोलले नाही?" त्यांनी फोडी करायला घेतल्या. "तुमी रोज सकाळी उठून अळ्या उचलून राहिले होते. जंबेरी हाये म्हनलं असतं तं सोडून देलं असतं. मंग मी चा घेऊन कोनापाशी बसू?"

माधवीला हसू आलं, ते तिने ओढणीत लपवलं.  भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि लिंबाच्या वासामुळे आलं असं म्हणायची सोय होती.

"पन तुहं माहेर तं गेलं ना," ते म्हणाले.

चंदाबाईंनी पावशीवरून मान वर केली. "कोन म्हनते? संत्र्याचे डोळे बाबा बाहेरून आने. या बागेतून, त्या बागेतून, ज्याचं झाड चांगलं दिसलं त्याच्याकडून. ते काय आमचं नव्हतं. खुंट आमचा. जंबेऱ्या फोडून बी मी काढो, लहानपनी. राखेत चोळून धुवो, बाबा वाफ्यात पेरे. माह्या हातचं आन बाबाच्या हातचं जे होतं ते हेच. गेलं ते लोकायचं गेलं."

 नातीने एक फोड चाटून बघितली, अंग शहारून घेतलं आणि परत चाटली. चंदाबाईंनी मीठ मागितलं, माधवीने आणून दिलं. दुपारपर्यंत लोणच्याची बरणी भरली. एक वाटी भगवंतरावांकडेही गेली, श्रावणातलं देणं फिटावं म्हणून. फोडींतल्या बिया मात्र चंदाबाईंनी टाकल्या नाहीत. चुलीतली राख आता घरात नव्हती. त्यांनी उदबत्तीची राख गोळा केली, बिया तिच्यात चोळल्या आणि नातीला समोर बसवून तिच्याकडून धुवून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ सवयीने ब्रश आणि डबी घेऊन झाडापाशी गेले. वरच्या फांदीवर एक टपोरी हिरवी अळी नवं पान खात होती. त्यांनी ब्रश पुढे केला.

"राहू द्या तिले," चंदाबाई पायरीवरून म्हणाल्या. "माह्या बाबाचं झाड हाये ते. चार पानानं मरत नाही."

भाऊंनी ब्रश डबीत ठेवला आणि पायरीवर येऊन त्यांच्या शेजारी बसले. चहा अजून गरम होता.